मागे धावू नका : फवाऱ्यातल्या वायूंची पार्श्वभूमी

विषबाधेवर उपचार करणारे डॉक्टर एक सूचना देतात, ती पहिल्यांदा ऐकताना उलटीच वाटते. नशेसाठी स्प्रेच्या डब्यातला वायू हुंगताना एखादा मुलगा सापडला तर त्याच्यावर ओरडू नका, दरडावू नका, तो पळाला तर मागे धावू नका. दारं-खिडक्या उघडा, हळू आवाजात बोला, त्याला बसवून ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. रक्तात तो वायू असताना दचकणं, घाबरणं, जिवाच्या आकांताने पळणं यापैकी काहीही त्याचं हृदय थांबवायला पुरेसं ठरू शकतं.

ही एवढीशी गोष्ट कळायला चाळीस वर्षं लागली. या वायूंबद्दल पहिल्या दिवसापासून जो शब्द वापरला गेला, त्याचा यात मोठा वाटा आहे. तो शब्द म्हणजे ‘निष्क्रिय’.

१९२० च्या दशकातले फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइडवर चालत. नळीला गळती लागली की झोपेतली माणसं दगावत. १९२८ साली जनरल मोटर्ससाठी काम करणारे थॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट हेन यांनी विषारी नसणारा आणि पेट न घेणारा वायू शोधायला घेतला. त्यांना सापडला डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन, म्हणजे पुढे फ्रिऑन-१२ किंवा सीएफसी-१२ या नावाने ओळखला गेलेला वायू. त्याच्या पहिल्या चाचणीची हकिगत मिजलींनीच सांगून ठेवली आहे. कच्च्या मालाच्या पाच बाटल्या आणल्या होत्या. पहिल्या बाटलीपासून केलेला वायू हुंगून गिनीपिगला काहीच झालं नाही. दुसऱ्या बाटलीपासून केलेल्या वायूने मात्र ते मेलं. पाचांपैकी एकाच बाटलीतला माल शुद्ध होता आणि तीच योगायोगाने आधी हाताला लागली होती. बाकीच्या बाटल्यांमधल्या अशुद्धीमुळे वायूत फॉस्जीन तयार होत होता. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हा वायू. या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

१९३० साली अटलांटामध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलींनी सगळ्यांसमोर या वायूचा श्वास छातीत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली. माणूस शाबूत आणि आगही नाही, अशा दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध झाल्या. फ्रिजमुळे होणारे मृत्यू डोळ्यांसमोर असताना ते उत्तर खरं होतं आणि मोलाचंही होतं. पण मिजली तेव्हा शांत उभे होते. ते धावून आलेले नव्हते, कोणी त्यांना घाबरवलेलं नव्हतं.

मला यातली सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रश्न कुठे दडलाय, हे वैद्यकशास्त्राला त्याच्या १९ वर्षं आधीच दिसलं होतं. क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया करताना धडधाकट रुग्ण अचानक का जातात, याचा शोध गुडमन लेव्ही हे इंग्रज डॉक्टर घेत होते. मांजरांवरच्या प्रयोगांत १९११ च्या सुमारास त्यांना दिसलं की भूल हलकी असताना ॲड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर किंवा धावताना शरीर सोडतं ते संप्रेरक, रक्तात आलं तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलतच नाहीत. क्लोरोफॉर्म म्हणजे एक कार्बन, एक हायड्रोजन आणि तीन क्लोरीन. सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन, त्याच कुळातले : कार्बनला क्लोरीन आणि फ्लुओरीन जोडलेले. पण भूलतज्ज्ञांचं ज्ञान भूलतज्ज्ञांपाशी राहिलं आणि फ्रिज बनवणाऱ्यांनी ते मागितलं नाही.

फ्रिजमधला वायू नळीत बंद असतो, माणसाच्या नाकाशी त्याला आणलं ते फवाऱ्याच्या डब्याने. दाबाच्या डब्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकातच मांडली होती. पण ती फोफावली दुसऱ्या महायुद्धात. सैनिकांना डासांपासून वाचवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी सीएफसी-१२ च्या दाबाने कीटकनाशक फवारणारा डबा तयार केला. युद्धानंतर रॉबर्ट ॲबप्लॅनल्प यांचा स्वस्त व्हॉल्व्ह आला आणि केसांचा स्प्रे, डिओडरंट, रंग असं सगळं डब्यात गेलं. १९५६ साली दम्याचा इनहेलरही आला. तेरा वर्षांच्या एका दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं का मिळत नाही. वडील औषध कंपनीत होते, म्हणून प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत पोचला. त्या डब्याने असंख्य माणसांचा श्वास सोडवला, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत तरुण मुलं नशेसाठी डबे हुंगू लागली आणि त्यातली काही जागच्या जागी मरू लागली. शवविच्छेदनात काहीच सापडेना, फुप्फुसं गुदमरल्यासारखी नाहीत आणि विषाची खूण नाही. १९७० साली मिलर्ड बास यांनी अशा ११० मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्याला ‘सडन स्निफिंग डेथ’ हे नाव पडलं. त्यांच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. मरण्याआधी मूल धावलं होतं, किंवा कशाने तरी हादरलं होतं.

पुढच्याच वर्षी ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत चार्ल्स राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर चाचणी केली. आधी ॲड्रेनालिनचं छोटं इंजेक्शन, मग काही मिनिटं वायू, मग तेवढंच इंजेक्शन पुन्हा, आणि सगळा वेळ हृदयाचा आलेख चालू. पहिल्या इंजेक्शनला हृदय सांभाळून घेई, दुसऱ्याला काही कुत्र्यांची लय विस्कटून जाई. सीएफसी-११ हा डब्यांतलाच दुसरा वायू हवेत अर्धा टक्का असला तरी हे घडत होतं, सीएफसी-१२ ला पाच टक्क्यांच्या आसपास लागत. वायू स्वतः हृदयाला मारत नव्हता. तो हृदयाला इतकं हळवं करून ठेवत होता की शरीराचं नेहमीचं ॲड्रेनालिनच घातक ठरावं. म्हणूनच ‘मागे धावू नका’. अशा रुग्णाला नेहमीप्रमाणे ॲड्रेनालिन टोचायला डॉक्टर कचरतात, तेही याचमुळे.

धोका नशेपुरताच होता असंही नाही. १९७५ साली एका अमेरिकन रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅथॉलॉजी विभागातले डॉक्टर ऊतीचे तुकडे झटपट गोठवण्यासाठी फ्लुओरोकार्बनचा स्प्रे मारत. जे जास्त वापरत त्यांना छातीत धडधड जास्त जाणवत होती. बंद खोलीत काम करणाऱ्यांना बाकीचेही धोके होतेच. हे वायू हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात किंवा तळघरात साचून प्राणवायूची जागा घेतात. द्रवरूपात अंगावर उडाले तर त्वचा गोठवतात. आणि ज्योतीवर किंवा तापलेल्या धातूवर गेले की त्यांचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं, क्लोरीन असलेल्यांपासून फॉस्जीनही. गिनीपिगला मारणारा तोच.

इनहेलरवरही संशय घेतला गेला, कारण १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू वाढले होते. पुढे बोट मुख्यतः इनहेलरमधल्या औषधाकडे, जास्त मात्रेच्या आयसोप्रेनालिनकडे वळलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या इनहेलरमधला वायू मिलिग्रॅममध्ये मोजावा इतका असतो आणि काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. हा लेख वाचून कोणी इनहेलर बाजूला ठेवू नये.

सीएफसी डब्यांतून गेले ते मात्र हृदयामुळे नाही. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर खातात असं दाखवलं, १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक स्प्रेंतून ते काढले आणि ते वायू कमी करण्याचा १९८७ चा माँट्रियल करार झाला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते डब्यांचं पुढे काय झालं. अनेकांत प्रोपेन-ब्यूटेन आले. ते पेट घेतात आणि हुंगल्यास ब्यूटेनही हृदयाला तसंच हळवं करतं. इनहेलरमध्ये एचएफसी-१३४ए आला (एचएफसी म्हणजे क्लोरीन नसलेले, ओझोनला न खाणारे वायू). कीबोर्डवरची धूळ उडवायच्या डब्यात एचएफसी-१५२ए भरला गेला. याला लय बिघडवायला हवेत सुमारे पंधरा टक्के लागतात, म्हणजे जुन्यांपेक्षा तो पुष्कळ सौम्य. पण थेट डब्यातून ओढलेल्या श्वासापुढे तो सौम्यपणा टिकत नाही. मुलं दगावत राहिली, म्हणून २०२४ साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने असे डबे बाजारातून हटवण्याचा प्रस्ताव मांडला.

एचएफसी वातावरण तापवतात, म्हणून माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांनाही उतरणीला लावलं. आता एचएफओ (हायड्रोफ्लुओरोओलेफिन) या गटातले वायू येत आहेत. ते हवेत काही दिवसांतच मोडतात. राइनहार्ट यांची कुत्र्यांवरची ती चाचणी आता नव्या वायूंच्या तपासणीत नेहमीची झाली आहे. पण यातले काही वायू मोडले की ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड उरतं. ते पावसाबरोबर खाली येतं, पाण्यात विरघळतं आणि त्यानंतर सहजासहजी मोडत नाही.