पायथनमधली टेस्टची मांडणी आणि इम्पोर्ट

पायथनच्या प्रोजेक्टमध्ये युनिट टेस्टच्या फाइली कुठे ठेवायच्या आणि त्यांना मूळ कोड कसा सापडतो, हा विषय. टेस्ट कशी लिहायची ते इथे गृहीत धरलंय.

युनिटटेस्ट या पायथनसोबतच येणाऱ्या टेस्टच्या मॉड्यूलच्या उगमाबद्दल थोडे मतभेद आहेत. स्टीव्ह पर्सेलने पाययुनिट लिहिलं आणि तेच २००१ मध्ये पायथन २.१ सोबत स्टँडर्ड लायब्ररीत आलं, इथपर्यंत वाद नाही. ते जेयुनिट या जावाच्या टेस्ट साधनावरून घेतलं म्हणून बरेच जण त्याला जावाची नक्कल म्हणतात, आणि सेटअप, असर्टइक्वल अशा नावांत मधेच येणारं कॅपिटल अक्षर बघितलं की ते पटतंही, कारण पायथनची स्वतःची पद्धत अंडरस्कोरची. पण जेयुनिट (१९९७च्या सुमारास, केंट बेक आणि एरिक गामा) हेच मुळात स्मॉलटॉक या जुन्या भाषेसाठी बेकने लिहिलेल्या एसयुनिटवरून आलं, जे साधारण १९९४चं, आणि टेस्टकेस, सूट या कल्पना तिथल्याच. त्यामुळे घराणं स्मॉलटॉकचं आणि जावा फक्त वाटेतलं स्टेशन असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. पायटेस्ट या दुसऱ्या, वेगळं इन्स्टॉल कराव्या लागणाऱ्या टेस्ट साधनाची गोष्ट वेगळी, होल्गर क्रेकेलच्या पुढाकाराने २००३-०४च्या आसपास पायपाय (पायथन चालवणारा एक पर्यायी इंटरप्रिटर) प्रोजेक्टच्या कामातून ते वाढलं.

आता इम्पोर्ट. समजा हिशोब नावाचं पॅकेज आहे, त्यात जीएसटी.पीवाय, आणि शेजारी टेस्ट्स फोल्डरमध्ये टेस्ट_जीएसटी.पीवाय. मुख्य फोल्डरमधून ही टेस्ट फाइल थेट पायथनने चालवली की हिशोब मॉड्यूल सापडत नाही असा एरर येतो, कारण थेट चालवलेल्या स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर सिस.पाथमध्ये (पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या जागांची यादी) पहिलं बसतं, म्हणजे टेस्ट्स, आणि तिथे हिशोब नाहीच. तीच टेस्ट तिथूनच मायनस एम लावून युनिटटेस्टने चालवली तर पहिली जागा चालू फोल्डरला मिळते आणि सगळं सुरळीत. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं!

मात्र टेस्ट्समध्ये इनिट फाइल (फोल्डरला पॅकेज ठरवणारी __init__.py) नसेल तर युनिटटेस्ट शोधताना त्या फोल्डरात शिरतच नाही. पायथन ३.११ पर्यंत अशा वेळी शून्य टेस्ट चालल्या आणि खाली ओके असं दिसायचं, म्हणजे माणूस खुशीत घरी, ३.१२ पासून एकही टेस्ट न चालल्यास एक्झिट कोड ५ मिळतो, म्हणजे ती चूक धरली जाते. पायटेस्टला इनिट नसली तरी चालतं, पण मग दोन वेगळ्या फोल्डरांत टेस्ट_युटिल्स नावाच्या फाइली असल्या तर डीफॉल्ट मोडमध्ये त्या एकमेकींच्या अंगावर येतात, त्यावर उपाय म्हणजे इम्पोर्टलिब मोड (आवृत्ती ६.० पासून).

टेस्ट पॅकेजच्या आत की बाहेर, यावर दोन पंथ. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी टेस्ट आत ठेवते, प्रत्येक उपपॅकेजला त्याचं टेस्ट्स फोल्डर. फ्लास्क हे वेबचं फ्रेमवर्क टेस्ट बाहेर ठेवतं आणि कोड एसआरसी (src) नावाच्या फोल्डरात. दुसऱ्या पद्धतीत मुख्य फोल्डरमधून पॅकेज आपोआप सापडत नाही, आधी पिपने इन्स्टॉल करावं लागतं (कोड सतत बदलत असेल तर मायनस ई लावून), आणि हा त्रास फायद्याचाच आहे कारण साधं इन्स्टॉल करून टेस्ट चालवली की पॅकेजिंगमध्ये राहून गेलेली फाइल तिथेच उघडी पडते.

पॅकेज सापडावं म्हणून त्याचं फोल्डर हाताने यादीत घालायला टेस्टच्या डोक्यावर सिस.पाथ.अपेंड लिहिणं हीसुद्धा एक प्रचलित पद्धत आहे.