‘आहे’ दिसलं की लगेच ‘हॅव’ नको

दांडिया बाजार, बडोदे : आमच्या इंग्रजी वर्गात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नोकरीच्या किंवा व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करायला कुणी आलं की पहिल्या दिवशी आम्ही विचारतो, ‘बडोद्यात किती वर्षं राहता? इंग्रजीत सांगा.’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आय ॲम लिव्हिंग इन बडोदा सिन्स ट्वेंटी इयर्स.’

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही आपल्या भाषेतून आलेल्या आहेत. घरात आपण ‘वीस वर्षांपासून राहतो’ म्हणतो, भाजीवाल्याशी ‘वीस वरसथी रहुं छुं’. मराठी काय, गुजराती काय, दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तो पुरत नाही. मागे सुरू झालेलं आजही चालू असेल, तर इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट वापरावा लागतो : ‘आय हॅव लिव्हड इन बडोदा फॉर ट्वेंटी इयर्स.’ ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हटलंत तरी बरोबर.

दुसरी चूक ‘पासून’ची. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘2004 पासून’, ‘लग्नापासून’ ही सुरुवातीची खूण झाली, तिथे सिन्स. ‘वीस वर्षांपासून’, ‘तीन तासांपासून’ ही काळाची लांबी झाली, तिथे फॉर. गोंधळ झाला तर ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून पाहा. ‘गेली वीस वर्षं’, ‘गेले तीन तास’ कानाला बरोबर लागतं, म्हणून फॉर. ‘गेली 2004’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून सिन्स.

आता उलटा प्रकार. ‘तो कालच पुण्याला गेलाय’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. त्याचं ‘ही हॅज गॉन टू पुणे यस्टरडे’ केलं की बिघडलं. मराठीतला ‘आहे’ कालच्या शेजारी सुखाने बसतो, इंग्रजीतला ‘हॅज’ बसत नाही. ‘कधी?’ याचं नेमकं उत्तर वाक्यात आलं, म्हणजे काल, मागच्या दिवाळीला, 2019 साली, दोन वर्षांपूर्वी, की साधा भूतकाळ घ्या : ‘ही वेंट टू पुणे यस्टरडे.’ ‘कधी’ सांगायचंच नसेल, फक्त ते घडलंय एवढंच सांगायचं असेल, तर हॅव. ‘आय हॅव सीन लक्ष्मी विलास पॅलेस’ चालतं. ‘लास्ट संडे’ जोडलंत की ‘आय सॉ’ म्हणायला हवं.

याच राजवाड्यावरून आम्ही वर्गात आणखी एक जोडी देतो. सयाजीराव महाराजांचं राज्य 1875 ते 1939. तो काळ संपला, म्हणून ‘ही रूल्ड’. ‘हॅज रूल्ड’ नाही. राजवाडा 1890 साली पूर्ण झाला आणि आजही उभा आहे, म्हणून ‘द पॅलेस हॅज स्टुड हिअर सिन्स 1890’. दोन्ही वाक्यांत जुनी सालं आहेत. फरक एवढाच, की एका वाक्यातली गोष्ट थांबली आणि दुसऱ्यातली थांबलेली नाही.

मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो, म्हणून इथे जरा थांबून वाचा. आमच्याकडे आलेल्या एक ताई मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळायच्या, नोकरी चालूच होती. मुलाखतीत त्या म्हणाल्या, ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स.’ समोरच्याने लगेच विचारलं, नोकरी का सोडली? ताई गोंधळल्या, कारण सोडलीच नव्हती. ‘वर्क्ड’ म्हणजे तिथे होते, आता नाही. ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ म्हटलं असतं तर नोकरी चालू आहे हे आपोआप कळलं असतं. अर्जातही हेच पाळा : आधीच्या नोकऱ्या भूतकाळात, सध्याची हॅव लावून.

गॉन आणि बीन यांच्यासाठी मराठीत तयार शब्द आहेत. ‘गेलाय’ म्हणजे गॉन, अजून परतला नाही. ‘जाऊन आलाय’ म्हणजे बीन. तुमच्यासमोर बसलेला माणूस ‘आय हॅव गॉन टू दुबई’ म्हणू शकत नाही, तो तर इथेच आहे! ‘आय हॅव बीन टू दुबई.’

बीन आणि आयएनजी लावून होतो तो चालू पूर्ण वर्तमानकाळ. त्यात भर कामाच्या चालण्यावर असतो. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणजे वाचतोय, संपलं असं नाही. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे वाचून झालं. ओळखणं, असणं, आवडणं अशा क्रियापदांना मात्र हे आयएनजी नको. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ नव्हे, ‘आय हॅव नोन हिम सिन्स कॉलेज’.

‘आत्ताच’साठी जस्ट : ‘आय हॅव जस्ट ईटन.’ अमेरिकन लोक ‘आय जस्ट एट’ही म्हणतात. ऐकलंत तर चूक समजू नका.

राहता राहिलं ‘हॅव’नंतर येणारं क्रियापदाचं तिसरं रूप. ‘हॅव वेंट’, ‘हॅव सॉ’, ‘हॅव एट’ रोज कानावर पडतात. इथे युक्ती चालत नाही, पाठच करावं लागतं : गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन. मोठ्या माणसांना पाढ्यासारखं म्हणायला संकोच वाटतो. आमच्या वर्गात सगळे मिळूनच म्हणतात, म्हणून तो लवकर जातो.

अर्ज किंवा पत्र लिहून ठेवलं असेल तर छापील प्रत घेऊन या. सध्या चालू असलेल्या आणि संपलेल्या गोष्टींवर आधी घरीच वेगवेगळ्या रंगांनी खुणा करून आणा, म्हणजे क्रियापदं तपासायला आपल्याला सोपं जाईल. मुलाखत असेल तर निदान आठवडाभर आधी या.