अशोककुमार आदेश

अशोककुमार आदेश : (जॉन डो आदेश). प्रतिवादी नेमका कोण हे माहीत नसताना त्याच्याविरुद्ध न्यायालयाने दिलेला तूर्तातूर्त मनाई हुकूम. ‘जॉन डो’ हे इंग्रजी कायद्याच्या परंपरेत अनोळखी पक्षकारासाठी वापरले जाणारे कल्पित नाव. भारतातल्या दाव्यांत त्याचा ‘अशोककुमार’ झाला. चित्रपटांची आणि क्रीडा-प्रक्षेपणांची इंटरनेटवरील चोरी थोपवण्यासाठी हे आदेश प्रामुख्याने घेतले जातात.

केवळ प्रताधिकारभंग (कॉपीराइटचा भंग) झाला म्हणून संकेतस्थळ बंद पाडण्याचा अधिकार, २०२३ मध्ये चित्रपटविषयक कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत, सरकारला नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९अ मध्ये देशाची सार्वभौमता, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे मोजून दिली आहेत. प्रताधिकार त्यांत नाही. प्रताधिकार अधिनियमातील २०१२ ची दुरुस्ती आणि २०१३ चे नियम यांनी वेगळी वाट करून दिली. हक्कधारकाची लेखी तक्रार आली की मध्यस्थाने (इतरांचा मजकूर साठवणाऱ्या वा पोहोचवणाऱ्या कंपनीने) ३६ तासांत तो मजकूर अडवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. पण शुक्रवारी लागणाऱ्या चित्रपटाला ३६ तासही जड जातात, आणि परदेशातली निनावी संकेतस्थळे अशा तक्रारीला दाद देत नाहीत. म्हणून निर्माते थेट उच्च न्यायालय गाठतात आणि अशोककुमारसोबत इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनाही प्रतिवादी करतात. हुकूम प्रत्यक्षात अमलात आणतात त्या या कंपन्याच.

भारतातला असा पहिला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ताज टेलिव्हिजनच्या दाव्यात दिला. त्या वर्षीच्या विश्वचषक फुटबॉलचे सामने परवान्याशिवाय दाखवणाऱ्या केबलचालकांची नावे वादीला ठाऊक नव्हती. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्ताला त्यांच्या जागेत जाऊन पुरावा गोळा करण्याची मुभा मिळाली. तिथे निदान जागा होती, तार होती, दार ठोठावले की उघडणारा माणूस होता. इंटरनेटवर यातले काहीच नसते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

२०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन चित्रपटांसाठी दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन सेवा कंपन्यांनी व्हिमिओ या व्हिडिओंच्या संकेतस्थळासारखी पूर्णपणे वैध संकेतस्थळेही सरसकट बंद केली. मनाई फक्त त्या चित्रपटांच्या विशिष्ट दुव्यांपुरती (लिंकपुरती) आहे, अख्ख्या संकेतस्थळाला नाही, असा खुलासा न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. तरी २०१४ च्या विश्वचषकावेळी दिल्लीत ४७२ संकेतस्थळांची यादी मंजूर झाली. तीत गूगल डॉक्सही होते! पुढे ती २१९ वर आली.

या एकतर्फी सुनावणीत गैरहजर माणसाची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न सर्वांत गांभीर्याने हाताळला तो मुंबई उच्च न्यायालयाने. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटासाठी इरॉस कंपनीने मागितलेला सरसकट आदेश न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नाकारला. यादीतला प्रत्येक दुवा आधी तपासा, वादी आणि वकिलांनी त्याची पुन्हा पडताळणी करावी, मग ती यादी प्रतिज्ञापत्रावर सादर करा, अशी अट त्यांनी घातली. शेवटी १३४ दुव्यांपुरताच हुकूम मिळाला. बंद पानावर कोणता संदेश दिसावा, आणि ज्याचे पान चुकून बंद झाले त्याने कुठे दाद मागावी, याचाही त्यांनी विचार केला. नुसते पाहणे हाच गुन्हा आहे असा अर्थ त्या संदेशातून निघू लागला, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी ती भाषा बदलायला लावली. गुन्हा पाहण्यात नसून विनापरवाना वितरणात, जाहीर प्रदर्शनात, विक्रीत वा भाड्याने देण्यात आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. नागरिकाला धाक घालणाऱ्या चार ओळींसाठी न्यायाधीशाने एवढा वेळ द्यावा, ही या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

त्यानंतर कल उलट दिशेने गेला. दुवा बंद केला की तोच मजकूर तासाभरात दुसऱ्या पत्त्यावर दिसतो, ही निर्मात्यांची तक्रार खरीच होती. २०१९ मध्ये यूटीव्ही या चित्रपट कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्यतः चोरीवरच चालणाऱ्या संकेतस्थळांचा वेगळा वर्ग मानला आणि ती पूर्णपणे बंद करायला परवानगी दिली. त्यांच्या नव्या प्रतिकृती आदेशात जोडण्यासाठी नवा दावा लागत नाही. सहनिबंधकाकडे अर्ज पुरतो. याला ‘गतिमान मनाई हुकूम’ म्हणतात.

२०२३ मध्ये त्याच न्यायालयाने युनिव्हर्सल आणि इतर स्टुडिओंना आणखी पुढचे संरक्षण दिले : वादींच्या अजून तयारच न झालेल्या कृतीही हुकमात आल्या. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार प्रताधिकार कृतीसोबत जन्माला येतो. इथे मात्र कृती यायची आहे, भंग व्हायचा आहे, भंग करणाराही अनोळखी आहे, आणि मनाई मात्र आजच लागू आहे. मुंबईने २०१६ मध्ये मागितली तशी दुव्यागणिक पडताळणी अशा आदेशात आधीच करता येत नाही.