गतिरोधक उंच नको, लांब हवा

गोव्यात फोंड्याकडचा मोठा रस्ता तुंबला की मोबाईलवरचा नकाशा गाड्यांना आमच्या वाड्यावरून पाठवतो. खड्डे होते तोवर त्या निदान सावकाश जायच्या. हॉटमिक्स डांबरीकरण झालं आणि सुसाट सुटल्या. मग ओरड झाली, गतिरोधक आला. टेप लावून बघितला: गाडी जाते त्या दिशेने लांबी जेमतेम ४० सेंटिमीटर. आता पहाटे पाव विकणारा पोदेर तिथे सायकलवरून उतरतो, पावांची टोपली सावरत सायकल हाताने ढकलत नेतो. भाड्याची कार मात्र 'धाड' करून तशीच पुढे!

यात ड्रायव्हरच्या बेफिकिरीइतकाच गाडीतल्या स्प्रिंगांचाही हात आहे. अशा आखूड उंचवट्यावर वेगातलं चाक क्षणात वर जाऊन खाली येतं. तो धक्का टायर आणि शॉकअब्सॉर्बर गिळतात. गाडीचं धड वर उचललं जायला वेळच मिळत नाही. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे जितकं जोरात जावं तितका आत बसलेल्याला त्रास कमी. सायकलला स्प्रिंगच नाहीत, तिला तो पूर्ण भोगावा लागतो.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये यावर प्रयोग झाले आणि ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच असा गोलसर उंचवटा पुढे आला. त्याच्यावर गाडी अख्खी चढते नि उतरते, आणि वेग वाढेल तसा त्रासही वाढतो. सावकाश जाणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत हीच मापं आहेत, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी.

वेगाचा हिशेब निर्दय असतो. ताशी ३० ऐवजी ५० म्हटलं की आदळण्याची ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते. भानावर येऊन ब्रेक दाबायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ३०ची गाडी साधारण १३ मीटरांत थांबते, ५०ची २८ मीटरांत. आमच्या वळणापासून शाळेच्या पोरांची बस थांबते ती जागा वीस पावलांवर आहे.

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतून गाडी चालवून बघा. घरं रस्त्याला अगदी चिकटून. भिंती डोळ्यांच्या कडेने सरसर मागे पळतात आणि आहे त्याहून वेग जास्त वाटतो. पाय आपसूक ब्रेकवर जातो. आम्ही मात्र रुंदीकरणासाठी चिऱ्यांच्या कुंपणाच्या गडग्या मागे सरकवल्या आणि वर 'सावकाश जा'चा फलक लावला. फलक कोण वाचतो?

पंचायतीला यंदा दिलेल्या अर्जात नुसता 'गतिरोधक हवा' न लिहिता मापं लिहिली आहेत. वाद उरलाय तो पावसाच्या पाण्याचा. कडेला वाट ठेवली नाही तर रस्त्यावर तळं साचतं, ठेवली तर तिथूनच स्कूटरवाले निसटतात. एका शेजाऱ्याचं म्हणणं, वाट ठेवा, पण वर गटाराची जाळी बसवा. जाळीचे गज रस्त्याला आडवे हवेत, नाहीतर पोदेराचं चाक अडकायचं.