कार्याधारित भाषाशिक्षणातील आंतरक्रिया

दुसरी भाषा शिकणारे अध्येते एखादे कार्य, म्हणजेच टास्क, जोडीने किंवा गटाने पार पाडत असताना त्यांच्यात जे बोलणे होते, ते ध्वनिमुद्रित करून व शब्दशः उतरवून घेऊन तपासणारे उपयोजित भाषाविज्ञानातील अभ्यासक्षेत्र.

या क्षेत्राचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. भारतात लिहिणारे अभ्यासक सहसा एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाकडे (१९७९–८४) बोट दाखवतात. दक्षिण भारतातील काही शाळांच्या इंग्रजीच्या वर्गांत चाललेल्या या प्रकल्पात व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रके यांवर आधारलेली कोडी मुलांपुढे ठेवली जात. माहितीतील, तर्कातील व मतांतील अंतर भरून काढणारी कार्ये हे प्रभूंचे त्रिविध वर्गीकरण आजही वापरात आहे. तथापि प्रभूंनी गटकार्याला उत्तेजन दिले नव्हते. शिक्षकाने सगळ्या वर्गासमवेत एक कार्य सोडवावे आणि तशाच धर्तीचे दुसरे मुलांनी एकेकट्याने करावे, असा क्रम असे; कारण मुले एकमेकांचीच सदोष इंग्रजी ऐकत राहिली तर ती तशीच रुजेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे कार्याधारित अध्यापनाचे श्रेय बंगळूरला दिले, तरी अध्येत्यांमधील आंतरक्रियेच्या अभ्यासाचा उगम मायकेल लाँग यांच्या १९८०च्या प्रबंधात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

लाँग यांनी इंग्रजी भाषकांच्या आपापसांतील १६ आणि इंग्रजी भाषक व परभाषक यांच्या १६ जोड्यांची तुलना केली. परभाषकाशी बोलताना वाक्ये सोपी होतात, यापेक्षा खुलासा मागणे, उजळणी करणे, समजले का हे पडताळणे अशा संवादाच्या रचनेतील बदलांकडे त्यांनी लक्ष वेधले. या बदलांना पुढे ‘अर्थाची वाटाघाट’ म्हटले जाऊ लागले. व्हॅरोनिस व गॅस यांनी १९८५ मध्ये तिचे चार टप्पे कल्पिले. ते मराठीपुरते असे दाखवता येतील : हिंदी भाषक अध्येता ‘मी काल येणार’ म्हणतो (अडचणीचे निमित्त); जोडीदार ‘काल की उद्या?’ असे विचारतो (इशारा). पहिला ‘उद्या, उद्या’ म्हणतो (प्रतिसाद). दुसरा ‘बरं’ म्हणून पुढे जातो (प्रतिसादावरील प्रतिक्रिया). हिंदीतील ‘कल’ दोन्ही दिवसांना चालतो, हे येथे अडचणीचे मूळ होय.

वाटाघाटीचे प्रसंग मोजावेत आणि ते जितके अधिक तितके कार्य चांगले मानावे, ही पद्धत बराच काळ रूढ होती. टेरेसा पिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात म्हणूनच प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा असलेले कार्य वरचढ ठरले व मुक्त मतप्रदर्शन तळाशी गेले. पण पॉलीन फॉस्टर यांना १९९८ मध्ये ब्रिटनमधील प्रत्यक्ष वर्गात निराळे आढळले : अनेक अध्येते वाटाघाट मुळीच करीत नव्हते, न समजलेले तसेच सोडून देत होते. आपले अज्ञान वारंवार उघड करणे कोणालाही अवघडच वाटते. मोजणीवरील हा आक्षेप वजनदार आहे.

मेरिल स्वेन व शॅरन लॅपकिन यांनी कॅनडातील फ्रेंच निमज्जन वर्गांत (म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या वर्गांत) ‘भाषेविषयीचे प्रसंग’ हे वेगळे एकक वापरले. त्यात अध्येते शब्द वा रूप यांवर परस्परांत खल करतात तेवढाच भाग धरला जातो. निओमी स्टॉर्च यांनी २००२ मध्ये जोड्यांचे सहकारी, दोघेही वर्चस्व गाजवणारे, एक वर्चस्वी व दुसरा निष्क्रिय, आणि जाणकार व नवखा असे चार प्रकार सांगितले. पहिल्या व चौथ्या प्रकारांत शिकण्याच्या खुणा अधिक दिसल्या. समान मातृभाषेचे अध्येते मधूनच तिच्याकडे वळतात, हा पूर्वी दोष समजला जाई; अलीकडे कार्याची आखणी करण्याचे ते साधन मानण्याकडे कल आहे.

संगणकीय लेखी गप्पांतून केलेल्या कार्यांवरही अभ्यास झाला आहे. रॉबर्ट ब्लेक यांना २००० मध्ये स्पॅनिशच्या अध्येत्यांत आढळलेली वाटाघाट बहुतांशी शब्दार्थापुरती होती, व्याकरणाविषयी क्वचितच.