पवनचक्क्यांचे बिघाड आणि देखभालीचा खर्च : पार्श्वभूमी

पवनचक्कीला इंधन विकत घ्यावे लागत नाही. त्यामुळे तिच्या विजेचा भाव मुख्यतः दोन आकड्यांवर ठरतो : उभारणीचे भांडवल, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे ती चालती ठेवण्याचा खर्च. पहिला आकडा करार होतानाच कळतो. दुसरा मात्र यंत्र कुठे आणि कितीदा बिघडते त्यावर अवलंबून असल्याने पुष्कळ उशिरा हाती येतो.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९४१ मध्ये उभारलेल्या सव्वा मेगावॅटच्या पवनचक्कीचे मुख्य बेअरिंग १९४३ मध्ये निकामी झाले. युद्धकाळात बदली भाग मिळेना, म्हणून ती दोन वर्षे बंद राहिली, आणि पुन्हा सुरू झाल्यावर महिन्याभरातच, मार्च १९४५ मध्ये, तिचे एक पाते तुटून पडले. याउलट डेन्मार्कमधील गेडसर येथे योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये उभारलेले तीन पात्यांचे २०० किलोवॅटचे यंत्र सुमारे दहा वर्षे फारशा देखभालीविना चालले. तरीही पुढे जर्मनीने तीन मेगावॅटच्या ‘ग्रोव्हियान’मध्ये एकदम मोठी उडी घेतली आणि १९८३ ते १९८७ या काळात ते यंत्र जेमतेम काही शे तास चालले.

कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या आरंभी कर-सवलती प्रत्यक्ष वीजनिर्मितीवर नव्हे, तर गुंतवणुकीवर मिळत होत्या; साहजिकच घाईने उभारलेली अनेक यंत्रे लवकरच बंद पडली. डेन्मार्कने मात्र १९७८ मध्ये राइसो येथे चाचणी केंद्र काढले आणि तेथील मान्यतेशी अनुदान जोडले. डॅनिश यंत्रे टिकली यात अभियंत्यांच्या कौशल्याइतकाच या अटीचा वाटा आहे, असे मला ठामपणे वाटते.

बिघाडांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे मोठे काम जर्मनीत १९८९ ते २००६ या काळात, दीड हजारांहून अधिक पवनचक्क्यांवर झाले. त्यातून दिसले की सर्वाधिक वेळा बिघडतात ते विद्युत आणि नियंत्रण यंत्रणेचे भाग, पण ते लवकर दुरुस्त होतात. गिअरबॉक्स क्वचित बिघडतो, पण बिघडला की यंत्र कितीतरी दिवस बंद राहते. पात्यांची मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्यांची संथ गती हजार-दीड हजार फेऱ्यांपर्यंत वाढवताना गिअरबॉक्सला वाऱ्याचे झोत आणि ब्रेकचे उलटे धक्के सोसावे लागतात. बेअरिंगमधले रोलर क्षणभर फिरण्याऐवजी घसरतात, आणि पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे जाऊन अपेक्षित आयुष्याच्या बऱ्याच आधी बेअरिंग संपते. ते बदलायला अनेकदा मोठी क्रेन आणावी लागते, आणि शंभर मीटर उंचीवर काम करायचे तर वारा पडण्याची वाट पाहावी लागते. सुट्या भागाच्या किमतीपेक्षा हा खोळंबाच अनेकदा महाग पडतो. १९९० च्या दशकात एनेरकॉन या जर्मन कंपनीने गिअरबॉक्स वगळलेली यंत्रे बाजारात आणली. त्याचा मोबदला मात्र जड आणि महागड्या जनित्राच्या रूपाने द्यावा लागला.

समुद्रात हा खर्च आणखी चढतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात २००२ मध्ये ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ट्रान्सफॉर्मर व जनित्रांतील दोषांमुळे २००४ मध्ये त्या सर्वांचे वरचे यंत्रकक्ष किनाऱ्यावर आणावे लागले. त्यानंतर कंपने आणि वंगण तेल यांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा आणि उत्पादकाशी दीर्घ मुदतीचे देखभाल करार सर्रास झाले. अशा करारांत ९७ टक्के उपलब्धतेची, म्हणजे यंत्र चालण्यास सज्ज असण्याची, हमी दिली जाते, तेव्हा ती तासांच्या हिशेबाने मोजली आहे की विजेच्या, हे पाहणे अत्यावश्यक असते. कारण उरलेले तीन टक्के तास ऐन वाऱ्याच्या दिवसांत आले, तर विजेचे नुकसान तीन टक्क्यांहून बरेच जास्त होते.

२०२३ मध्ये सीमेन्स गमेसा या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीच्या जमिनीवरील नव्या यंत्रांत पाती आणि बेअरिंगचे दोष उघड झाले, आणि सीमेन्स एनर्जी या तिच्या मालक कंपनीला त्या वर्षी सुमारे ४.६ अब्ज युरोंचा तोटा झाला. आज समुद्रात पंधरा मेगावॅटची यंत्रे उभी राहत आहेत. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या खर्चाचे अंदाज मात्र त्यांच्याहून कितीतरी लहान यंत्रांच्या नोंदींवर बांधावे लागतात.