पॅरामेडिक : प्रशिक्षण आणि प्रमाणनस्तर

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी, घटनास्थळी किंवा रुग्णवाहिकेत, रुग्णावर प्रगत तातडीचे उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली, पण डॉक्टर नसलेली प्रशिक्षित व्यक्ती. मराठीत ‘पॅरामेडिकल’ हे विशेषण प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग व शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञांनाही लावतात. तो व्यापक अर्थ येथे अभिप्रेत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीविषयी आहे.

शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ‘बाजूचा, जोडीचा’ या अर्थाच्या ग्रीक ‘पॅरा’ या उपपदावरून ‘पॅरामेडिकल’ हे विशेषण झाले व त्यातून हे नाम निघाले. दुसऱ्या मतानुसार ‘पॅराशूट’ व ‘मेडिक’ यांच्या जोडणीतून, हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकी वैद्यकसाहाय्यकासाठी तो प्रथम वापरला गेला. असा वापर १९५० च्या सुमारास आढळतो. मात्र ‘पॅरामेडिकल’ हे विशेषण त्याहून जुने असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. रूप एकच असले तरी उगमाने हे दोन निराळे शब्द आहेत आणि रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिकचे नाते पहिल्याशी आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

व्यवसायाचा आरंभही एका ठिकाणी दाखवता येत नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये फिरते हृदयोपचार पथक सुरू केले. पण त्यात डॉक्टर स्वतः जात. डॉक्टरवाचून हे जमेल का, हा पुढचा प्रश्न होता. मायामीत डॉ. यूजीन नेगल यांनी १९६७ च्या सुमारास रुग्णाचा ईसीजी (हृदयातील विद्युत्-क्रियेचा आलेख) रेडिओवरून रुग्णालयात पाठवून अग्निशामक जवानांना तिथूनच सूचना देण्याचा मार्ग काढला. कॅलिफोर्नियात १९७० च्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने अशा उपचारांना कायद्याचा आधार मिळाला.

अभ्यासक्रमापुरते पाहिले तर पिट्सबर्गच्या ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेला अग्रस्थान द्यावे लागते. १९६७ मध्ये उभारलेल्या या सेवेत शहरातील कृष्णवर्णीय वस्तीतले, बहुतेक बेरोजगार असलेले तरुण डॉ. पीटर सफार यांच्या देखरेखीखाली सुमारे ३०० तासांचे शिक्षण घेऊन तयार झाले. त्या काळी अनेक गावांत रुग्णवाहिका म्हणजे अंत्यविधीचे काम करणाऱ्यांचीच गाडी असे, हे लक्षात घेतले की या प्रयोगाचे मोल कळते. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी येथील अनुभवावरून लिहिलेला अभ्यासक्रम पुढे राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. सेवा मात्र १९७५ मध्ये बंद पडली आणि तिच्या कर्मचाऱ्यांचे श्रेय दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

आजची स्तररचना २००७ च्या राष्ट्रीय कार्यकक्षा-आराखड्यावर (कोणत्या स्तराने कोणते उपचार करावेत हे सांगणाऱ्या दस्तऐवजावर) आधारलेली असून त्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली. पहिला स्तर आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादकाचा. रक्तस्राव थांबवणे, छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे, स्वयंचलित यंत्राने विद्युत्-धक्का देणे ही त्याची कामे. दुसरा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा, म्हणजे ‘ईएमटी’चा. साधारण १५० ते २०० तासांच्या या शिक्षणावर रुग्णवाहिका सेवेचा मोठा भार उभा आहे. तिसऱ्या, प्रगत तंत्रज्ञाच्या स्तरावर शिरेतून किंवा हाडातून द्रव देणे आणि मोजकी औषधे येतात. चौथा पॅरामेडिकचा, त्याला रुग्णालयातील व रुग्णवाहिकेवरील अनुभव धरून बहुधा हजार तासांहून अधिक शिक्षण लागते.

तिसऱ्या स्तराचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. पूर्वी त्याच्या जागी ‘इंटरमीडिएट’ ही श्रेणी होती व तिचे १९८५ आणि १९९९ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी प्रचलित होते. १९९९ चा बराच विस्तृत, पॅरामेडिकच्या जवळ जाणारा होता. नव्या रचनेत १९८५ च्या धारकांना प्रगत तंत्रज्ञाकडे, तर १९९९ च्या धारकांना पॅरामेडिककडे जाण्याची वाट ठेवली गेली. काही राज्यांनी आपल्या जुन्या श्रेणी तरीही राखल्या.

स्तरांमधला भेद केवळ कौशल्यांच्या यादीने मोजणे अपुरे आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार बारा-लीड (हृदयाची बारा बाजूंनी नोंद घेणारा) ईसीजी काढून पाठवणे ईएमटीलाही करता येते. तो वाचून त्यावर उपचार ठरवणे हे पॅरामेडिकचे काम. श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत अडकलेली हवा सुईने काढणे, हृदयाची लय ओळखून धक्का किंवा औषध देणे, या साऱ्यांत हाताइतकाच निर्णय महत्त्वाचा असतो.

प्रमाणन आणि परवाना या गोष्टी वेगळ्या आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, काम करण्याचा परवाना राज्य देते आणि प्रत्यक्ष सेवेत कोणते उपचार करू द्यायचे हे तेथील वैद्यकीय संचालक ठरवतो. २०१३ पासून पॅरामेडिक परीक्षेसाठी अधिस्वीकृत संस्थेतील शिक्षण आवश्यक झाले. संगणकीय परीक्षेत आधीच्या उत्तरावरून पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. संस्थेची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा वरच्या दोन स्तरांसाठी २०२४ च्या मध्यास बंद झाली. प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पॅरामेडिकला त्यासाठी ६० तासांचे, ईएमटीला ४० तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते.

अन्यत्र रचना निराळी आहे. कॅनडात प्राथमिक, प्रगत व अतिदक्षता असे पॅरामेडिकचेच स्तर मानतात. जर्मनीत २०१४ च्या कायद्याने तीन वर्षांचे शिक्षण ठरवले. ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणीस पात्र ठरण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून पदवी ही किमान पातळी आहे. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय नोंदणी असल्याखेरीज कोणालाही स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेता येत नाही.